बाल्टिमोरची शाळा आणि आपल्या गावची आशाताई

पोस्ट लांबलीय. सवडीने वाचा, पण वाचा.

गेल्या महिन्यात तहसीलसमोर आशाताईंचं धरणं होतं. बातमीसाठी गेलो होतो. फोटो काढले, निवेदन घेतलं, दोघी-तिघींशी बोललो आणि समोरच्या टपरीवर चहाला बसलो. तिथे एक ओळखीचे गृहस्थ, चांगले शिकले-सवरलेले, म्हणाले, "यांना कशाचा मोबदला वाढवून पाहिजे? दोन गोळ्या वाटायच्या आणि रजिस्टर भरायचं. त्याला काय अक्कल लागते?"

मी तेव्हा गप्प बसलो. खरं सांगतो, उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. वीस वर्षं पत्रकारिता करतोय. या वीस वर्षांत आरोग्याच्या बातम्या म्हणून काय केलं? अमक्या दवाखान्याचं उद्घाटन, तमक्या ठिकाणी सोनोग्राफी मशीन बंद, डॉक्टर जागेवर नाहीत, शिबिरात इतक्या जणांची तपासणी. 'रजिस्टर भरणं' या कामाची बातमी मी एकदाही केलेली नाही.

त्या गृहस्थांना द्यायचं राहिलेलं उत्तर इथे देतोय. त्यासाठी थोडं लांबून, थेट अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातून यावं लागेल. घाबरू नका, फिरून आपल्याच भागात येणार आहोत.

नाव तुम्ही ऐकलेलं आहे. २०२० साली टीव्ही लावला की पट्टी फिरायची, 'जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आकडेवारीनुसार जगात इतके बाधित, इतके मृत्यू.' मीही ते वाक्य तेव्हा रोज टाइप करायचो. हे हॉपकिन्स कोण, कुठलं, याची चौकशी करावी असं काही मनात आलं नाही. कोरोनाचा तो आकड्यांचा नकाशा तिथल्या इंजिनिअरिंगच्या मंडळींनी केला होता, हे पुढे कळलं. पण त्याच विद्यापीठात शंभर वर्षांहून जुनी एक शाळा आहे. सार्वजनिक आरोग्याची शाळा. आज तिला ब्लूमबर्ग स्कूल म्हणतात. विद्यापीठाच्या आश्रयाने चालणारी आणि फक्त हाच विषय शिकवणारी ती जगातल्या अगदी पहिल्या शाळांपैकी एक. तिचा आणि आपल्या नगर-गडचिरोलीचा संबंध कोरोनाच्या कितीतरी आधीचा आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात अंकुशकृमीने माणसं पोखरलेली होती. अनवाणी पायातून जंत शिरायचा, रक्त प्यायचा, माणूस पांढराफटक पडायचा. शेजारीपाजारी त्याला आळशी म्हणायचे. रॉकफेलर या तेलसम्राटाच्या पैशातून १९०९ मध्ये या जंताविरुद्ध मोहीम सुरू झाली. औषध होतं, ते लागूही पडायचं. पण संडास नाही आणि पायात चप्पल नाही, म्हणून बरा झालेला माणूस पुन्हा आजारी पडायचा. त्यातून दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक, नुसत्या औषधाने गाव बरं होत नाही. दोन, गाव बरं कसं करायचं याचं शिक्षण घेतलेला माणूसच देशात नाही. आरोग्य अधिकारी म्हणजे बहुतेक ठिकाणी आपला दवाखाना सांभाळून उरलेल्या वेळात हे काम बघणारा डॉक्टर.

मग १९१५ मध्ये विल्यम वेल्च आणि विकलिफ रोझ या दोघांनी अहवाल लिहिला, की डॉक्टरकीपेक्षा हे शास्त्र वेगळं आहे आणि त्याला वेगळी शाळा पाहिजे. १९१६ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने पैसा दिला आणि शाळेची जागा बाल्टिमोर ठरली. वेल्च स्वतः तिचे पहिले प्रमुख झाले. तेव्हा त्यांचं वय ६६ होतं. आपल्याकडे या वयात माणूस पेन्शनच्या कागदांसाठी ट्रेझरीत चकरा मारतो.

शाळा उघडली ऑक्टोबर १९१८ मध्ये. तारीख लक्षात घ्या. जगभर इन्फ्लुएन्झाने थैमान घातलेलं होतं. खुद्द वेल्चना त्याच साथीत ताप येऊन अंथरूण धरावं लागलं. तीच साथ जून १९१८ मध्ये मुंबईत उतरली होती. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणायचे. हिंदुस्थानात तिने कोटीच्या वर माणसं नेली. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आपल्या जनगणनेच्या इतिहासात असं दशक दुसरं नाही.

त्या साथीत वेड हॅम्पटन फ्रॉस्ट नावाच्या माणसाने एक साधं काम केलं. बाल्टिमोर आणि इतर काही ठिकाणी त्याने माणसं घरोघर पाठवली. घरात किती जण, कोण आजारी पडलं, वय काय, गेलं कोण? दवाखान्यात आलेल्या पेशंटवरून साथ कळत नाही, कारण दवाखान्यात येतो तो मोजका. न आलेला कितीतरी मोठा, आणि तो मोजायचा तर त्याच्या दारात जावं लागतं. हाच फ्रॉस्ट पुढे त्या शाळेत अमेरिकेतला साथरोगशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला.

त्या शाळेने पुढे केलेल्या बऱ्याच कामाचा पाया हा आहे. दारात जा, विचारा, लिहा, मोजा. टपरीवरच्या आपल्या गृहस्थांच्या भाषेत, रजिस्टर भरा.

आता ही मोजणी माणसं कशी वाचवते ते बघू.

माझ्या लहानपणी आमच्या चावडीच्या भिंतीवर पुसट झालेली अक्षरं होती. देवीचा रोगी कळवणाऱ्याला एक हजार रुपये बक्षीस. मला वाटायचं देवीचा म्हणजे मंदिरातल्या देवीचा काहीतरी प्रकार असेल. आजोबांच्या तोंडावर व्रण होते, ते त्याच रोगाचे, हे खूप उशिरा कळलं. जगातून देवी घालवायची जी मोहीम जागतिक आरोग्य संघटनेने १९६६-६७ पासून जोरात चालवली, तिचा प्रमुख होता डी. ए. हेंडरसन. १९६० साली याच बाल्टिमोरच्या शाळेतून शिकलेला. सगळ्या जगाला लस टोचत बसण्यापेक्षा रोगी हुडकायचा आणि त्याच्याभोवतीच्या माणसांना लस टोचून रोग तिथल्या तिथे कोंडायचा, ही त्या मोहिमेची खरी युक्ती. आणि रोगी हुडकायचा म्हणजे परत घरोघर जाणं आलंच. भारतात लाखो कर्मचाऱ्यांनी दारं ठोठावली. बक्षिसाची पाटी त्यासाठीच होती. १९७५ मध्ये भारतातली देवी संपली, १९७७ मध्ये सोमालियात शेवटचा नैसर्गिक रोगी सापडला, आणि १९८० मध्ये जगाने जाहीर केलं की देवी गेली. हेंडरसन १९७७ मध्येच बाल्टिमोरला परतून त्या शाळेचा प्रमुख झाला होता. श्रेय त्या एकट्याचं नाही, दारं ठोठावणाऱ्यांचं आहे. पण दार कुठलं आणि का ठोठवायचं, हे शिकवणारी शाळा लागतेच.

दुसरी गोष्ट रातांधळेपणाची. आल्फ्रेड सॉमर हा डोळ्यांचा डॉक्टर, याच शाळेत शिकलेला. इंडोनेशियाच्या खेड्यांत त्याने हजारो मुलांचे डोळे तपासले. पुन्हा पुन्हा त्याच घरांत गेला आणि नोंदी केल्या. नंतर त्या नोंदी चाळताना दिसलं ते विचित्र होतं. रात्री कमी दिसणारी मुलं आंधळी होण्याआधी मरत होती. गोवराने, जुलाबाने, आणि तीही इतर मुलांच्या सरासरी चौपट प्रमाणात. अ जीवनसत्त्वाची कमतरता म्हणजे फक्त डोळ्यांचा विकार नाही, ती जिवावर बेतते, हे त्यातून पुढे आलं. मग सुमात्रा बेटावरच्या आचे प्रांतात साडेचारशे गावांत प्रयोग झाला. वर्षातून दोनदा अ जीवनसत्त्वाचा डोस. ज्या गावांत तो दिला, तिथले बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. हे १९८६ मध्ये छापून आलं, तेव्हा बऱ्याच डॉक्टरांना पटलं नाही. इतकं स्वस्त औषध इतकं काम करेल? पुढे इतर देशांतही तसंच आढळलं. अंगणवाडीत आज चमच्याने बाळाच्या तोंडात जे पिवळं औषध पडतं, त्याच्यामागे ही वह्यांची थप्पी आहे.

तिसरी गोष्ट माझ्या घरची आहे.

मला एक मोठा भाऊ होता. मी त्याला पाहिलेलं नाही. १९७६ च्या उन्हाळ्यात, नऊ महिन्यांचा असताना जुलाब होऊन गेला. आई आजही सांगते, "पाण्यासाठी ओठ हलवत होता. पण पाणी दिलं की जुलाब वाढतात, असं सगळ्या म्हणायच्या. म्हणून पाणी तोडलं होतं." आईला मी यावर काही बोलत नाही. काय बोलणार?

आता तारखा बघा. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धात लाखो निर्वासित बंगालच्या सीमेवर आले. बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने माणसं जमिनीवर पडलेली होती आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस तेव्हा कोलकात्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात काम करायचे. त्या केंद्राचा प्रमुख बाल्टिमोरच्या याच शाळेतला प्राध्यापक होता. महालनबीसांनी केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याची मोजून पाकिटं भरून घेतली. ती पाण्याच्या पिंपात विरघळवली आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच सांगितलं, पाजत राहा. नर्स नाही, सुई नाही. आधी शंभरातले तीसेक मरत होते. हे सुरू झाल्यावर ते प्रमाण चारच्याही खाली आलं. तीन हजारांहून जास्त रोग्यांवर हे केलं आणि सगळं लिहून ठेवलं. लिहून ठेवलं म्हणून जगाला मानावं लागलं. हीच आपली जलसंजीवनी. महालनबीस २०२२ मध्ये गेले, सरकारने पद्मविभूषण दिला तो मरणोत्तर.

म्हणजे माझा भाऊ गेला त्याच्या पाच वर्षं आधी, याच देशात, उपाय सापडलेला होता. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आमच्या घरात त्या दिवशी पाणीही होतं, साखरही होती आणि मीठही होतं. नव्हतं ते सांगणारं माणूस.

आणि दोन तालुके पलीकडे, जामखेडला, तसं माणूस तयार होत होतं.

डॉ. रजनीकांत आरोळे आपल्या नगर जिल्ह्यातले, डॉ. मेबल जबलपूरच्या. दोघंही वेल्लोरला डॉक्टर झाले. नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये काही वर्षं काढली. तिथे त्यांना रोज एकच गोष्ट दिसायची. पेशंट बरा करून घरी पाठवायचा आणि तो त्याच कारणाने परत यायचा. बाल्टिमोरच्या शाळेला अंकुशकृमीच्या वेळी जो प्रश्न पडला होता, तोच. ते दोघं अमेरिकेला गेले, आधी पुढचं डॉक्टरीचं शिक्षण घेतलं आणि मग हॉपकिन्सच्या सार्वजनिक आरोग्याच्या शाळेत दाखल झाले.

तिथे त्यांना गुरू भेटला कार्ल टेलर. टेलरही आपल्याकडचाच म्हणायचा, जन्म मसुरीजवळच्या लंढोरचा, आईवडील मिशनरी डॉक्टर. १९६१ मध्ये त्याने त्या शाळेत आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग सुरू केला. पंजाबात लुधियानाजवळ नारंगवाल इथे खेड्यांमध्ये त्याने अनेक वर्षं प्रयोग चालवला, की दवाखान्याबाहेर, गावातच, साधी शिकवलेली माणसं किती काम करू शकतात. त्याच्या मार्गदर्शनाखाली आरोळे दांपत्याने परतल्यावर काय करायचं त्याचा आराखडा मांडला आणि १९७० मध्ये दोघं थेट जामखेडला आले. अमेरिकेत राहायची सोय असलेले दोन डॉक्टर, दुष्काळी तालुक्यात, गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत.

आधी त्यांनी शिकलेल्या नर्स गावोगाव पाठवून बघितल्या. जमलं नाही. नर्स बाहेरची, गाव तिचं ऐकेना आणि तिचाही जीव गावात रमेना. मग गावातलीच बाई निवडायची ठरलं. बहुतेक जणी निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. गावाने जिला पाण्याच्या रांगेत शेवटी उभं केलं, ती आता गरोदर बायकांची तपासणी करणार, बाळाचं वजन घेणार, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगणार. दर आठवड्याला जामखेडला यायचं, शिकायचं, परत जायचं. पुढे अशा अनेक जणींनी स्वतःच्या हाताने शेकडो बाळंतपणं केली.

१९७२ चा दुष्काळ तर विचारू नका. औषधापेक्षा पाणी आणि अन्न हेच औषध होतं. बोअर घ्यायच्या वेळी आरोळ्यांनी आग्रह धरला की जागा दलित वस्तीतच बघायची. हापसा तिथे बसला की सगळ्या गावाला तिथे यावंच लागणार. भाषण न करता जातीवर केलेला इलाज हा.

आणि मोजणी? ती पहिल्या दिवसापासून होती. प्रकल्पाच्या नोंदींनुसार काम सुरू झालं तेव्हा त्या गावांत हजारात १७६ बाळं वर्षाच्या आत जायची. पाच वर्षांत तो आकडा ५२ वर आला. म्हणूनच जगाने दखल घेतली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७८ मध्ये अल्मा-आटाला जगातल्या देशांनी 'सर्वांसाठी आरोग्य' जाहीर केलं. ती कल्पना ज्या प्रयोगांतून आली, त्यात जामखेडचं नाव घेतलं जातं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे तर वर्ग उलटा भरायला लागला. देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला येऊन त्या बायकांच्या हाताखाली शिकायला लागले.

दुसरी जोडी गडचिरोलीची. डॉ. अभय बंग वर्ध्याचे, डॉ. राणी बंग चंद्रपूरच्या. दोघंही १९८४ मध्ये त्याच शाळेतून एमपीएच झाले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. अमेरिकेतून आणलं काय? मोठं मशीन नाही, मोजायची पद्धत आणली. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. बहुतेकींची आयुष्यात आधी कधी तपासणीच झालेली नव्हती. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे आलं आणि जगभरच्या तज्ज्ञांना कबूल करावं लागलं, की गरिबाघरच्या बाईचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण आणि नसबंदी नव्हे.

मग नवजात बाळं. ३९ गावांत गावच्या बायकांना आरोग्यदूत केलं. बाळाला गुंडाळायचं कसं, दूध ओढत नसेल तर काय, श्वास अडकला तर काय, जंतुसंसर्गाची लक्षणं कोणती, हे सगळं शिकवलं. इंजेक्शन द्यायलासुद्धा शिकवलं. यावर डॉक्टर मंडळींनी नाकं मुरडली. कमी शिकलेली बाई बाळाला सुई टोचणार? १९९९ मध्ये आकडे छापून आले. हजारात ६० च्या वर असलेले नवजात मृत्यू २५ च्या आसपास आले होते. शेजारच्या गावांशी तुलना केली तर ६२ टक्क्यांची घट. न्यूमोनिया ओळखण्यासाठी तर त्यांनी एक साधं यंत्र केलं होतं, मण्यांचं आणि वाळूच्या घड्याळाचं. वाळू पडेपर्यंत बाळाचे श्वास मोजत मणी सरकवायचे. अंक न येणाऱ्या सुईणीलाही कळायचं की बाळ धोक्यात आहे.

२००५ मध्ये देशात 'आशा' आली. आज देशात त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. २०११ पासून नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेणं हे आशांचं काम झालं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. वजन, तापमान, श्वास, नाळ, अंगावरचं दूध. तिच्या पिशवीतला झोळीचा काटा तुम्ही पाहिला असेल. गडचिरोलीच्या त्या ३९ गावांतून तो तिच्या पिशवीत आलाय. आणि 'गावची बाईच गावची आरोग्य कार्यकर्ती' या कल्पनेमागे जामखेडचा मोठा वाटा आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. आपण मात्र त्यांना अजून 'स्वयंसेविका' म्हणतो, आणि त्यांच्या पैशाला 'मानधन'.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा अमेरिकेची आरती ओवाळतोय. त्या शाळेच्या दिव्याखाली अंधार आहेच. ती ज्या पूर्व बाल्टिमोरमध्ये उभी आहे, तो भाग अमेरिकेतल्या गरीब, बहुतांश काळ्या वस्तीचा. १९३० च्या दशकापासून ती वस्ती शाळेची प्रयोगभूमी आहे. आणि तरीही त्याच शहरात, श्रीमंत वस्ती आणि गरीब वस्ती यांच्यात, सरासरी आयुष्याचा फरक सुमारे वीस वर्षांचा नोंदवला गेला आहे. काही मैलांत वीस वर्षं. मोजता येतं म्हणून बदलतंच असं नाही. मोजल्यावर पुढे पैसा आणि सत्ता हलावी लागते, आणि ती शाळेच्या हातात नसते.

ते २०२५ मध्ये पुन्हा दिसलं. अमेरिकी सरकारने परदेशी मदतीला कात्री लावली. हॉपकिन्स विद्यापीठाचे ८० कोटी डॉलरहून अधिक गेले आणि दोन हजारांवर माणसांची नोकरी गेली. त्यातली बहुतेक अमेरिकेबाहेर, ४४ देशांत काम करणारी. म्हणजे कुठल्यातरी खेड्यात दार ठोठावणारं माणूस एका सहीने कमी झालं. शंभर वर्षांची शाळा, पण तिचं काम शेवटी गावातल्या शेवटच्या बाईच्या पगारावर उभं आहे. तिथेही आणि इथेही.

मी परत धरण्याकडे येतो.

त्या दिवशी एका आशाताईंनी मला त्यांची वही दाखवली होती. गावातल्या गरोदर बायका, तान्ही बाळं, कुणाची लस राहिली, कोण ऊसतोडीला गेलं आणि कधी येणार. एका नावापुढे लाल पेनने गोल होता. मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, "कमी वजनाचं आहे दादा. कारखान्यावर गेलेत ते. रोज फोन करते, अंगावर पाजती का विचारते." धरण्याला बसलेली बाई, मागण्यांचा फलक हातात, आणि मध्येच उठून कडेला जाऊन तिने तो फोन केला. मी तेव्हा फोटो फलकाचा काढला. वहीचा काढायला पाहिजे होता.

टपरीवरच्या गृहस्थांना माझं उत्तर एवढंच. ते रजिस्टर भरायला अक्कल लागते. ती अक्कल तयार व्हायला शंभर वर्षं लागली आहेत आणि त्यात बाल्टिमोर आहे, बनगाव आहे, जामखेड आहे, गडचिरोली आहे. १९७६ साली आमच्या गल्लीत ते रजिस्टर घेऊन फिरणारी एखादी बाई असती, तर कदाचित आज मी घरात धाकटा असतो.

परवा आईला हे सगळं सांगितलं, भावाचं सोडून. तिने विचारलं, "आपल्या इकडं आहे का अशी कुणी?" मी म्हटलं, आहे. "नाव काय तिचं?" मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारून आलो.

तुमच्या गल्लीतल्या आशाताईंचं नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर आज विचारा.